दादाला पृथ्वी सपाट वाटते, आणि मी सगळ्यांसमोर त्याला हसले

पुनव:

जरा सविस्तर लिहिते. थोडक्यात सांगितलं की सगळे "सोडून दे" म्हणतात, आणि मला सोडून द्यायचं नाही.

माझा सख्खा मोठा भाऊ गेलं दीड वर्ष पृथ्वी सपाट आहे असं मानतो. नुसतं मानत नाही, त्यात पार बुडालाय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघतो, वहीत आकृत्या काढतो. दादा अडाणी नाही. मला भागाकार त्याने शिकवला, बीजगणित त्याने शिकवलं. मी नऊ वर्षांची असताना खग्रास चंद्रग्रहण होतं, तेव्हा झोपेतून उठवून मला गच्चीवर नेलं तेही त्यानेच. टॉर्च लावून भिंतीवर आधी चेंडूची सावली पाडून दाखवली, मग ताटलीची. ताटली समोर धरली तर सावली गोल, तिरकी केली की लांबट, आडवी केली की नुसती रेघ. "चेंडू कसाही फिरव, सावली गोलच. आता वर बघ." वर चंद्रावर पृथ्वीची सावली सरकत होती आणि तिची कड वाटोळी होती.

तोच दादा आता म्हणतो, "लहानपणी आपल्याला पढवलं आणि मी तुला पढवलं."

सुरुवातीला मी महिन्याभरात त्याला चाळीसेक लिंक पाठवल्या. अंतराळातले फोटो दाखवले तर "कॉम्प्युटरवर केलेत". शास्त्रज्ञांचं नाव काढलं तर "पगारी माणसं". त्याचा हुकमी एक्का म्हणजे तलावापलीकडचा दिवा. दहा किलोमीटरवरचा दिवा त्याला काठावर उभं राहून दिसतो, आणि "८ इंच गुणिले मैलांचा वर्ग" या हिशोबाने तो जवळपास आठ मीटर पाण्याखाली जायला हवा. यावर मला उत्तर देता आलं नाही.

मग तीन महिन्यांपूर्वी सगळे जमलेले असताना तो त्याच्या मुलीला कागदावर सपाट पृथ्वीचा नकाशा काढून समजावत होता. मी मोठ्याने हसले. "दादा, हे चौथीतल्या पोरालाही पटणार नाही," असं सगळ्यांसमोर म्हणाले. त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि उठून गेला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. वहिनी मधल्या मधे पिचते आहे. परवा भाचीचा फोन आला. अकरा वर्षांची आहे ती. अगदी हळू आवाजात विचारलं, "आत्या, परीक्षेत काय लिहू?"

दादाशी पुन्हा बोलायला सुरुवात कुठून करू? आणि त्या पोरीला काय सांगू?

दिगंत:

पोरीला सरळ सांगा की पृथ्वी गोल आहे, परीक्षेत तेच लिही, आणि हे लिहिल्याने बाबांवरचं प्रेम कमी होत नाही. यात मोघम बोलू नका. अकरा वर्षांच्या मुलीला "दोन्ही मतं असू शकतात" असं सांगणं म्हणजे तिला एकटं सोडणं.

दादांचं म्हणाल तर मला आशा वाटत नाही. मी एका मित्राशी चार वर्षं वाद घातला. मैत्री गेली, पृथ्वी त्याच्यासाठी अजून सपाटच आहे. तुमचं नातं वाचवा, वाद सोडा.

फील्डबुक:

पुनवताई, मी निवृत्त सर्व्हेअर आहे. ३४ वर्षं लेव्हलिंग केलं, म्हणजे जमिनीच्या उंच्या मोजल्या. त्यातली पहिली दोन नुसता स्टाफ, म्हणजे उंची वाचायची लांब पट्टी, धरून उन्हात उभा होतो. तुमच्या दादांच्या तलावाबद्दल बोलतो, कारण ती माझ्या कामातली गोष्ट आहे आणि त्यांचा प्रश्न खोटा नाही.

ते ८ इंचांचं सूत्र बरोबर आहे, पण ते वेगळी गोष्ट मोजतं. डोळा थेट पाण्याच्या पातळीवर असेल तर तिथून निघालेल्या सरळ रेषेपासून पाणी किती खाली वळलं, ते त्यातून कळतं. दहा किलोमीटरला ७.८५ मीटर. पण दादा उभे आहेत. डोळा पाण्यापासून १.७ मीटर वर धरला तर त्यांचं क्षितिज साधारण ४.७ किलोमीटरवर येतं. लपायला सुरुवात तिथून पुढे. उरलेल्या ५.३ किलोमीटरचा हिशोब केला की सव्वादोन मीटर येतात. आठ नाही, सव्वादोन. त्यातही पाण्यावरची हवा प्रकाशाला खाली वाकवते, म्हणून प्रत्यक्षात आणखी कमी लपतं. पलीकडचा दिवा खांबावर असेल तर तो दिसणारच. खांबाचा बुंधा दिसतो का, हे विचारा.

वक्रता माझ्या अंगावर कशी आली तेही सांगतो. नवीन होतो. एका कालव्याचं लेव्हलिंग होतं, १२ किलोमीटर जाऊन परत यायचं. काम लवकर उरकावं म्हणून मी प्रत्येक सेटअपला, म्हणजे इन्स्ट्रुमेंट मांडलं की दरवेळी, बॅकसाईट (मागच्या स्टाफवरचं वाचन) ३० मीटरवर आणि फोरसाईट (पुढच्या स्टाफवरचं) ९० मीटरवर घेत गेलो. इन्स्ट्रुमेंट नुकतंच तपासून घेतलेलं, बबल व्यवस्थित. २०० सेटअप करून सुरुवातीच्याच बेंचमार्कवर, म्हणजे उंची ठरलेल्या खुणेवर, परत आलो तर तो वहीत ९ सेंटीमीटरहून जास्त खाली बसला. साहेब रागावले नाहीत. फील्डबुक, म्हणजे मोजणीची वही, उघडून म्हणाले, "अंतरं वाच." मग शिकवलं: वक्रता आणि वक्रीभवन (हवेत प्रकाशाचं वाकणं) मिळून दुरुस्ती ०.०६७३ गुणिले किलोमीटरचा वर्ग, उत्तर मीटरमध्ये. ३० मीटरला काहीच नाही, ९० मीटरला अर्ध्या मिलिमीटरच्या वर. दर सेटअपला अर्धा मिलिमीटर एकाच बाजूला चुकतो, आणि २०० वेळा चुकला की जवळजवळ १० सेंटीमीटर. म्हणूनच बॅकसाईट आणि फोरसाईट सारख्या अंतरावर घ्यायच्या, की चूक दोन्हीकडे सारखी होऊन कटते. जगभरचा प्रत्येक लेव्हलिंगवाला हे रोज करतो. पृथ्वी सपाट असती तर माझा बेंचमार्क जागेवर बसला असता.

पण नुसत्या पुराव्याने वाद मिटतो असं मी म्हणणार नाही. आमच्याच धंद्यातल्या एका मोठ्या माणसाने ते करून पाहिलंय. आल्फ्रेड रसेल वॉलेस, डार्विनच्या बरोबरीने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारा. तरुणपणी तो जमिनीची मोजणी करायचा. १८७० साली इंग्लंडात जॉन हॅम्पडेन नावाच्या सपाटवाद्याने ५०० पौंडांची पैज लावली, वॉलेसने ती घेतली. जागा ओल्ड बेडफर्ड कालवा, सरळ सहा मैलांचा पट्टा. याच पट्ट्यावर १८३८ मध्ये सॅम्युएल रोबॉथम पाण्यात उतरला होता आणि डोळा पाण्यापासून जेमतेम आठ इंचांवर ठेवून सहा मैल दूर गेलेली होडी दिसली म्हणून पृथ्वी सपाट ठरवून मोकळा झाला होता. पाण्याला इतकं चिकटून बघितलं की हवेचा थर प्रकाशाला पृथ्वीबरोबर वाकवत नेतो. वॉलेसला मोजणीचा अनुभव होता, त्याने दुर्बीण आणि खुणा १३ फुटांच्या वर नेल्या. दोन्ही टोकं आणि मधली खूण पाण्यापासून सारख्याच उंचीवर. मधली खूण हिशोबाप्रमाणे वर दिसली. पंचाने वॉलेसच्या बाजूने निकाल दिला.

पुढचं ऐका. हॅम्पडेनच्या बाजूच्या माणसाने त्याच दुर्बिणीतून तेच दृश्य बघून पृथ्वी सपाट असल्याचं जाहीर केलं. हॅम्पडेनने वॉलेसला पुढची पंधरा वर्षं शिवीगाळीच्या पत्रांनी छळलं, वॉलेसच्या बायकोलाही धमकीचं पत्र पाठवलं, त्यापायी तुरुंगात गेला, सुटून आला आणि पुन्हा लिहायला लागला. शेवटी कोर्टाने पैजच कायद्याने रद्दबातल ठरवली. ही पैज घेतल्याचा वॉलेसला म्हातारपणापर्यंत पश्चात्ताप होता.

मोजणी त्याने उत्तम केली होती. पण प्रश्न त्याचा, मांडणी त्याची आणि वर पाचशे पौंड. हॅम्पडेनला मागे यायला वाटच नव्हती. हार कबूल केली असती तर पैसे आणि अब्रू, दोन्ही गेलं असतं. तुम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर दादांची तीच अवस्था केलीत, म्हणून आधी माफी मागा. पृथ्वीच्या आकाराबद्दल नाही, हसल्याबद्दल. मग त्यांना सांगा की प्रयोग त्यांनी ठरवावा आणि मोजणीही त्यांनीच करावी. एकच अट घाला: मोजायच्या आधी दोघांनी आपापला आकडा कागदावर लिहायचा.

गोलाध्यायी:

फील्डबुक यांनी लिहिलेलं तीनदा वाचलं. माझा विषय जुनं भारतीय ज्योतिष-गणित, तेव्हा त्या बाजूने थोडं.

"आपल्याला हे पाश्चात्त्यांनी पढवलं" असं दादा म्हणत असतील तर त्यांच्यापुढे आपलीच माणसं ठेवा. आर्यभटाने ४९९ साली पृथ्वीला कदंबाच्या फुलाची उपमा दिली, गोळ्यावर चारी बाजूंनी केसर उभे असतात तसे आपण उभे. आठव्या शतकात लल्ल नावाचा ज्योतिर्गणिती विचारतो की भूमी सपाट असेल तर ताडासारखी उंच झाडं दुरून का दिसत नाहीत. आणि भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायात, दादांना आज जे वाटतं त्याचं उत्तर दिलंय. वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळ दिसतो. पृथ्वी अवाढव्य, माणूस तिच्या पाठीवर अगदी लहान, म्हणून त्याला ती सपाट भासते. ज्याला ती सपाट दिसते त्याला यात मूर्ख म्हटलेलं नाही. त्याला सपाट का दिसतं, ते समजावलंय. मला हा श्लोक शिकवताना दरवेळी भरून येतं.

भास्कराचार्यांचा दुसरा प्रश्न आजच्या सपाटवाद्यांना नेमका लागू पडतो: भूमी आरशासारखी सपाट असेल आणि सूर्य तिच्यावर दूर कुठेतरी फिरत असेल, तर तो माणसांना सतत का दिसत नाही? आताच्या सपाट नकाशात उत्तर ध्रुव मध्यभागी असतो आणि सूर्य साधारण ५,००० किलोमीटर उंचीवर चकरा मारतो. विषुवदिनी विषुववृत्तावर उभ्या असलेल्या माणसाचा हिशोब मी करून पाहिला. संध्याकाळी सहाला सूर्य त्याच्यापासून सुमारे १४,००० किलोमीटर बाजूला गेलेला असेल. म्हणजे तो क्षितिजाच्या जवळजवळ २० अंश वर दिसायला हवा, आणि दुपारच्या एक तृतीयांश आकाराचा. प्रत्यक्षात तो क्षितिजाला टेकलेला असतो आणि आकार दुपारइतकाच, अर्धा अंश. "दूर गेला म्हणून दिसेनासा झाला" म्हणणाऱ्याने तो लहान का झाला नाही हे सांगायला हवं. दादांनी सूर्याचा फिल्टर लावून दुपारी आणि संध्याकाळी एकाच झूमवर फोटो काढावेत. फिल्टर मात्र चांगला हवा, डोळ्यांशी खेळ नको.

भाचीलाही या प्रयोगात घ्या, असं मला वाटतं.

पूर्वाश्रमीचा:

भाचीला घेऊ नका. मी स्वतः दोन वर्षं सपाटवादी होतो, म्हणून सांगतो. मुलीसमोर चूक ठरण्याची भीती असेल तर तुमचे दादा कागदावर आकडाच लिहिणार नाहीत.

मी त्यात कसा गेलो ते लिहितो, कदाचित उपयोग होईल. माझी नोकरी गेली होती. दिवसभर घरी असायचो आणि कुणी मला काही विचारत नसे. सपाटवाद्यांच्या गटात मी एक प्रश्न विचारला तर रात्री एक वाजता सात जणांनी उत्तरं दिली. माझ्या आकृत्यांचं कौतुक झालं. पृथ्वीच्या आकाराशी माझं देणंघेणं नंतर सुरू झालं, आधी ती माणसं मिळाली. तुमचे दादा रात्री दोनपर्यंत जागतात असं तुम्ही लिहिलंत, तिथे मी थांबलो. तेव्हा ते कुणाशी बोलत असतात? दिवसा त्यांच्याशी कोण बोलतं?

बाहेर काढलं एका मित्राने. त्याने माझ्याशी वाद घातला नाही. दर रविवारी यायचा, माझ्या आकृत्या खरंच बघायचा. एकदा म्हणाला, "तुझा नकाशा मला दे ना, मी त्यावर अंतरं मोजतो." सिडनीहून चिलीतल्या सांतियागोला थेट विमान जातं, बारा-तेरा तासांत. गोलावर ते अंतर ११,३०० किलोमीटरच्या आसपास. माझ्या नकाशावर पट्टी लावली तर २५,००० च्या वर आलं. मला राग आला नाही, कारण पट्टी माझ्या हातात होती. मला वाटलं नकाशा सुधारायला हवा. दक्षिणेकडची अंतरं जुळवली की उत्तरेकडची फाटायची. चार महिने रोज रात्री तेच केलं. कागद चुरगळतो आहे आणि त्याला चेंडू व्हायचंय, असं एका रात्री वाटलं. त्यानंतर गटात मी फक्त एवढंच विचारलं की कुणाकडे अंतरं जुळणारा नकाशा आहे का. दोन दिवसांत मला विकला गेलेला ठरवून काढून टाकलं. ज्यांना मी माझी माणसं समजत होतो त्यांनी. ते दुःख खरं होतं, त्यावर हसू नका.

तिथे पुराव्याचं काय होतं हेही सांगतो. अमेरिकेतल्या सपाटवाद्यांनी सुमारे २०,००० डॉलरचा लेझर जायरोस्कोप, म्हणजे फिरणं मोजणारं यंत्र, घेतला, पृथ्वी फिरत नाही हे दाखवायला. तो तासाला १५ अंश सरकला, चोवीस तासांत पूर्ण फेरी. त्यांनी ते "आकाशातल्या ऊर्जेवर" ढकललं आणि यंत्र कशात झाकलं तर हे थांबेल ते शोधायला लागले. डिसेंबर २०२४ मध्ये काही जण अंटार्क्टिकावर गेले. तिथे उन्हाळ्यात चोवीस तास सूर्य मावळत नाही, सपाट नकाशात हे बसूच शकत नाही. त्यांच्यातल्या एका नावाजलेल्या माणसाने कॅमेऱ्यासमोर कबूल केलं की माझं चुकलं, सूर्य मावळला नाही. त्यालाही त्याच्याच माणसांनी गद्दार म्हटलं. ते कबूल करायला किती लागलं असेल, मला कल्पना आहे.

दादा परत येतील तेव्हा त्यांना यायला घर लागेल. ते उघडं ठेवा.

पुनव:

सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्वाश्रमीचा, तुमचं उत्तर वहिनीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली की दादाला कामावरून बाजूला सारलंय, गेल्या वर्षीपासून. त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही. मी लिंक पाठवत बसले होते.

भाचीला फोन केला. सांगितलं, पृथ्वी गोल आहे, तेच लिही. आणि मला हे तुझ्या बाबांनीच शिकवलं, चेंडू आणि ताटली घेऊन. तिला हे ठाऊक नव्हतं. तिने दोनदा विचारलं, "बाबांनी? खरंच बाबांनी?"

दादाला मेसेज केला: "त्या दिवशी मी हसले ते फार वाईट केलं. माफ कर. तुझी वही मला बघायची आहे." चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी तो घरी आला, वही घेऊन. आम्ही तीन तास बसलो. मी खरंच बघितली. त्याचं अक्षर अजून तसंच आहे. तलावाचं ते १.७ मीटरचं गणित मी मांडलं नाही, त्याला मांडायला सांगितलं. सव्वादोन मीटर आल्यावर तो काही बोलला नाही, पण त्याने उत्तर खोडलं नाही. पटलंय असं मी म्हणणार नाही. जाताना म्हणाला, "सूर्याची उंची मोजू. काठीच्या सावलीने. पण मी मोजणार."

फील्डबुक काका, हे कसं करायचं? त्या ग्रीक एराटोस्थेनिसने दोन ठिकाणच्या सावल्यांवरून पृथ्वीचा घेर काढला ना, तसंच?

फील्डबुक:

वाचून फार बरं वाटलं, पुनवताई.

दोन ठिकाणं पुरणार नाहीत. हा मुद्दा दादा स्वतः काढतील, आणि त्यांचं बरोबर असेल. एराटोस्थेनिसला ७.२ अंशांचा फरक मिळाला, वर्तुळाचा पन्नासावा भाग. पण सूर्य फार दूर आहे हे त्याने धरलेलं होतं. सूर्य जवळ आणि जमीन सपाट असं धरलं तरी दोन सावल्या जुळवता येतात. तीन किंवा चार ठिकाणं घ्या, अक्षांशांत भरपूर अंतर असलेली. उत्तरेकडे दूर राहणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना गळ घाला. रेखांश वेगळे असले तरी चालेल, प्रत्येकाने आपल्या मध्यान्हीला मोजायचं, दिवस एकच.

सपाट धरून सूर्याची उंची काढली तर विषुवदिनी १५ अंश अक्षांशावरून सुमारे ६,२०० किलोमीटर येते, ३० वरून ५,७७०, ४५ वरून ५,०००, ६० वरून ३,८५०. एकाच सूर्याच्या चार उंच्या. गोल धरलं तर चारही ठिकाणी काठी आणि सूर्यकिरण यांच्यातला कोन अक्षांशाइतकाच येतो. हे आकडे दादांना आत्ता सांगू नका. त्यांचे त्यांना काढू द्या.

आता मोजणीचं. काठी एक मीटरची, ओळंबा सोडून दोन बाजूंनी उभी तपासा. जमीन लेव्हलने तपासा. सावलीचं टोक धूसर असतं, कारण सूर्य अर्ध्या अंशाचा आहे, मीटरभर काठीला जवळपास सेंटीमीटरचा घोळ होतो. म्हणून काठीच्या टोकाला पुठ्ठा लावा, त्याला बारीक भोक पाडा. जमिनीवर प्रकाशाचा ठिपका पडेल, त्याच्या मध्यावर खूण करा. काठीची उंची मग भोकापासून मोजायची. घड्याळातल्या बाराला मोजू नका. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी खूण करत जा, ठिपका काठीच्या सर्वात जवळ येऊन परत लांब जायला लागेपर्यंत. सर्वात कमी अंतर ते तुमचं वाचन. वहीत पेननेच लिहा, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला लिहा, खाडाखोड करू नका. स्टाफ दादांकडे, म्हणजे काठी आणि टेप त्यांच्याकडे. तुम्ही फील्डबुक धरा.